इंटरनेट नसलेल्या संगणकावर लिबरऑफिसची बांधणी : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका खासगी दस्तऐवज-संग्रहातील आहे. संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे आहेत ते तिथले नियम. ज्या खोलीत लोकांच्या वैयक्तिक नोंदी असलेली जुनी कागदपत्रे वाचून संगणकावर उतरवली जातात, त्या खोलीतील एकाही संगणकाला इंटरनेट नाही आणि ते कधी द्यायचेही नाही. बाहेरून तपासलेली डिस्क आत नेता येते, पण एकदा आत जोडलेली डिस्क पुन्हा बाहेर आणता येत नाही. खोलीतून बाहेर येऊ शकतो तो फक्त हाताने लिहिलेला कागद. याला जोड म्हणून आणखी एक नियम होता : बदल केलेले कोणतेही सॉफ्टवेअर बाहेर तयार करून आत आणायचे नाही, त्याचा सोर्स कोड (प्रोग्रामचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर) आत न्यायचा आणि बांधणी, म्हणजे त्या मजकुरापासून चालणारा प्रोग्राम तयार करणे, खोलीतच करायची.

खोलीतील संगणकांवर डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती होती. १० जून २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या या आवृत्तीसोबत लिबरऑफिस या मुक्तस्रोत ऑफिस-संचाची (लेखन, तक्ते वगैरेंचे प्रोग्राम) ७.४ ही मालिका येते. संस्थेला २४.२ ही पुढची मालिका हवी होती आणि तिच्यात मराठीसाठी एक छोटा बदलही हवा होता. लिबरऑफिसमध्ये प्रत्येक भाषा-प्रदेशासाठी एक एक्सएमएल फाईल असते, तिच्यात महिन्यांची व वारांची नावे, तारखांचे आणि संख्यांचे साचे दिलेले असतात. संग्रहाच्या नोंदवह्यांत तारीख ज्या पद्धतीने लिहिली जाते तोच साचा मराठीसाठी आपोआप निवडला जावा, एवढीच त्यांची मागणी होती. बदल दोन-चार ओळींचा होता, पण ती एक्सएमएल फाईल प्रोग्राम चालू असताना वाचली जात नाही. बांधणीच्या वेळी तिचे सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत रूपांतर होते आणि त्यातून एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला वापरता येणारा कोडचा संच, तयार होते. त्यामुळे दोन-चार ओळींसाठी अख्खे लिबरऑफिस बांधणे भाग होते.

येथे लिबरऑफिसची घडण थोडी समजून घ्यायला हवी, कारण पुढच्या साऱ्या अडचणी तिच्यातून आल्या आणि उपायही तिच्यातच सापडले. २८ सप्टेंबर २०१० रोजी ओपनऑफिसपासून वेगळा झालेला हा प्रकल्प मुख्यतः सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे आणि तो इतर अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांवर उभा आहे. अक्षरजुळणीसाठी हार्फबझ, युनिकोडच्या नियमांसाठी आयसीयू, पीडीएफसाठी पीडीफियम, चित्रणासाठी स्किया, शिवाय बूस्ट, लिबएक्सएमएल, एनएसएस, कर्ल अशी ती यादी लांबच लांब आहे. लिबरऑफिसच्या सोर्समध्ये ‘एक्स्टर्नल’ नावाचे एक फोल्डर आहे. नावावरून वाटते की ही सारी बाहेरची लायब्रऱ्यांची मंडळी त्यात राहत असतील. प्रत्यक्षात त्यात असते ते प्रत्येक लायब्ररी कशी उघडायची, तिला कोणते पॅच (कोडमधले छोटे बदल) लावायचे आणि ती कशी बांधायची याचे वर्णन. लायब्ररीचा स्वतःचा सोर्स कोड टारबॉलच्या, म्हणजे अनेक फाईली एकत्र बांधलेल्या गाठोड्याच्या, रूपात प्रकल्पाच्या सर्व्हरवर असतो आणि बांधणी चालवणारी ‘मेक’ ही आज्ञा दिली की बांधणीच्या पहिल्याच टप्प्यात तो आपोआप उतरवला जातो. ज्याच्याकडे इंटरनेट आहे त्याला हे घडल्याचे फारसे कळतही नाही. पडद्यावर काही ओळी सरकतात आणि काम पुढे जाते.

म्हणून ‘सोर्स कोड उतरवला’ या वाक्याचा अर्थ जोडलेल्या आणि न जोडलेल्या संगणकावर एकच नसतो. या प्रकरणात आत न्यायच्या गोष्टी तीन ठिकाणांहून यायच्या होत्या : कंपायलर (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन) व प्रणालीच्या लायब्रऱ्या डेबियनकडून, लिबरऑफिसचा स्वतःचा सोर्स त्याच्या प्रकल्पाकडून, आणि बाहेरच्या लायब्रऱ्यांचे टारबॉल पुन्हा त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या साठ्यातून. तिन्हींची शिस्त वेगवेगळी असल्यामुळे प्रत्येकीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागला.

डेबियनचा भाग

हा भाग सर्वांत अवघड जाईल असे संस्थेतील तंत्रज्ञांना वाटत होते, आणि तसे वाटणे साहजिक होते. जीसीसी, बायसन, फ्लेक्स, जीपर्फ, ऑटोकॉन्फ, जीटीके, कप्स, फाँटकॉन्फिग अशी साधने व लायब्रऱ्या आणि त्यांच्या मागोमाग येणारी पॅकेजेस (बसवण्यासाठी तयार केलेले सॉफ्टवेअरचे गठ्ठे) यांची संख्या शेकड्यांत जाते. प्रत्यक्षात हाच भाग सर्वांत कमी त्रासाचा ठरला, कारण डेबियनच्या धोरणातच असा नियम आहे की मुख्य विभागातील कोणत्याही पॅकेजची बांधणी होत असताना तिने नेटवर्ककडे जाण्याचा प्रयत्न करू नये. बांधणीसाठी जे जे लागते ते सर्व पॅकेजच्या माहितीत आधी जाहीर करावे लागते. म्हणजे डेबियनमधल्या लिबरऑफिसची बांधणी-सामग्रीची यादी इंटरनेटविना बांधूनच कसास लागलेली असते. ती यादी ७.४ साठीची होती, २४.२ साठीची नव्हती, पण कंपायलर आणि मूलभूत साधनांच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक नव्हता. एखाद-दुसरे राहिलेले पॅकेज पुढे कॉन्फिगरच्या टप्प्यात, म्हणजे बांधणीआधी पर्याय ठरवून सामान तपासले जाते तेव्हा, स्पष्ट नावानिशी समोर आले.

पॅकेजेस आत न्यायची कशी, यावर मात्र विचार करावा लागला. अशाच परिस्थितीसाठी ‘एपीटी-ऑफलाइन’ नावाचे एक चांगले साधन आहे. बंद, म्हणजे इंटरनेट नसलेल्या, संगणकावर ते मागणीची एक फाईल तयार करते, ती फाईल जोडलेल्या संगणकावर नेऊन हवे ते उतरवायचे आणि परत आणून बसवायचे, अशी त्याची रीत आहे. पण त्यात पहिलीच फेरी आतून बाहेर आहे, आणि या खोलीतून फाईल बाहेर जाऊ शकत नव्हती. दुसरा पर्याय होता बाहेर अगदी तशीच डेबियन १२ बसवून, तिथे लागणारी तेवढीच पॅकेजेस गोळा करून त्यांचा छोटा साठा करण्याचा. जागा कमी लागली असती, पण तसा घरगुती साठा डेबियनच्या डिजिटल स्वाक्षरीखाली (फाईली मूळच्याच आहेत याच्या पुराव्याखाली) राहत नाही. मग एपीटी या डेबियनच्या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाला ‘यावर डोळे झाकून विश्वास ठेव’ असे सांगावे लागते. त्याऐवजी ६४ बिटच्या संगणकांसाठीचा डेबियन १२ चा मुख्य विभाग आणि सुरक्षा-दुरुस्त्यांचा विभाग यांची पूर्ण प्रतच एका बाह्य डिस्कवर घेतली गेली. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. डिस्कची जागा स्वस्त असते. पडताळणीची अखंड साखळी तुटली की ती पुन्हा जोडणे महाग पडते. पूर्ण प्रत घेतल्यामुळे डेबियनची मूळ स्वाक्षरी जशीच्या तशी आत आली आणि ती तपासण्याच्या चाव्या तर प्रणाली बसवतानाच आत आलेल्या होत्या. प्रत घेताना सोर्स पॅकेजांची सूचीही घ्यावी लागते, नाहीतर बांधणी-सामग्री मागणारी एपीटीची आज्ञा काय हवे हेच ठरवू शकत नाही. ती सूची आठवणीने घेतली होती.

तरीही आत गेल्यावर एपीटी अडले आणि अडले ते घड्याळापाशी. जोडलेला संगणक आपली वेळ इंटरनेटवरून दुरुस्त करत राहतो. बंद खोलीतील संगणकाच्या मदरबोर्डवरची बॅटरी दुबळी झाली होती आणि त्याचे घड्याळ कित्येक महिने मागे पडले होते. डेबियनच्या साठ्याच्या मुख्य फाईलवर तारीख असते. संगणकाच्या दृष्टीने ती तारीख भविष्यातली होती, म्हणून ही फाईल अजून वैध झालेली नाही, असे एपीटीने सांगितले. घड्याळ हाताने बरोबर लावल्यावर सुरक्षा-विभागाची उलटी तक्रार आली, की या फाईलची मुदत संपली आहे. सुरक्षा-विभागाच्या फाईलवर मुद्दाम थोड्या दिवसांची मुदत घातलेली असते, जेणेकरून कोणी वापरकर्त्याला जुनीच यादी दाखवत राहून नव्या दुरुस्त्यांपासून वंचित ठेवू नये. बंद संगणकावर ही मुदत केव्हा ना केव्हा संपणारच. तेव्हा फक्त त्या एका साठ्यापुरती मुदतीची तपासणी बंद केली गेली आणि स्वाक्षरीची तपासणी चालू ठेवली गेली. या दोन तपासण्या वेगळ्या आहेत, आणि घाईत दोन्ही एकदम बंद करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

घड्याळाचा आणखी एक परिणाम पुढे झाला असता. ‘मेक’ हा प्रोग्राम कोणती फाईल नव्याने बनवायची हे फाईलींच्या वेळेवरून ठरवतो. सोर्समधील फाईलींची वेळ संगणकाच्या आजच्या वेळेच्या पुढची असेल तर तो घड्याळात तफावत असल्याचा आणि बांधणी अपुरी राहू शकते असा इशारा देतो, आणि तो इशारा पोकळ नसतो. कधी सगळे पुन्हा पुन्हा बांधले जाते, तर कधी जे बांधायला हवे ते सुटून जाते. एपीटीने आधीच अडवल्यामुळे ही पाळी आली नाही.

सोर्स आणि टारबॉल

लिबरऑफिसचा सोर्स चार टारबॉलमध्ये मिळतो : मुख्य भाग, शब्दकोश, मदतीचा मजकूर आणि भाषांतरे. मराठी इंटरफेस हवा असल्यामुळे भाषांतरांचा टारबॉल टाळता येण्याजोगा नव्हता. हे चारही टारबॉल बंद स्वरूपातच, त्यांच्या स्वाक्षरीच्या फाईलींसह, आत नेले गेले. बाहेर उघडून फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकायचे आणि आत नेऊन उतरवायचे, हा मार्ग सोपा वाटतो. पण बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने तयार केलेले असतात आणि त्या पद्धतीत फाईल चालवण्याची परवानगी टिकत नाही, सांकेतिक दुवे टिकत नाहीत आणि लहान-मोठ्या रोमन अक्षरांतला भेदही पाळला जात नाही. टारबॉल बंद असला की या साऱ्या गोष्टी त्याच्या पोटात सुरक्षित राहतात.

खरी कसोटी बाहेरच्या लायब्रऱ्यांच्या टारबॉलची होती. लिबरऑफिसने यासाठी सोय आधीच करून ठेवली आहे आणि ती वाखाणण्यासारखी आहे. सोर्सच्या मुळाशी ‘डाउनलोड डॉट एलएसटी’ नावाची एक साधी मजकूर-फाईल असते, तिच्यात प्रत्येक टारबॉलचे नाव आणि त्याचा शा-२५६ हॅश (फाईलीच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण) लिहिलेला असतो. ‘मेक फेच’ ही आज्ञा दिली तर बांधणी न करता फक्त टारबॉल उतरवले जातात आणि प्रत्येकाचा हॅश पडताळला जातो. मग ते फोल्डर दुसरीकडे नेऊन कॉन्फिगरच्या वेळी दोन गोष्टी सांगायच्या : टारबॉल अमुक ठिकाणी आहेत, आणि बाहेरून काही आणायला जाऊ नकोस. त्या ठिकाणाचा पत्ता पूर्ण द्यावा लागतो, चालू फोल्डरच्या संदर्भाने दिलेला चालत नाही.

हे सर्व पाळूनही पहिली बांधणी मध्येच थांबली. मेकचा संदेश असा होता की एचएसक्यूएलडीबी या डेटाबेसचा टारबॉल ‘बनवण्याचा नियम सापडत नाही’. नवख्या माणसाला हा संदेश हमखास चकवतो. मेकच्या दृष्टीने प्रत्येक फाईल एकतर अस्तित्वात असते किंवा ती कशी बनवायची याचा नियम तरी असतो. उतरवण्याचा टप्पा बंद केल्यामुळे नियम उरला नव्हता आणि फाईल तर तिथे नव्हतीच. म्हणजे त्या लांबलचक संदेशाचा साधा अर्थ ‘ही फाईल आणायची राहिली’ एवढाच होता.

ती का राहिली, हे शोधणे अधिक उद्बोधक होते. ‘मेक फेच’ यादीतील सगळेच टारबॉल उतरवत नाही. त्या संगणकावर कॉन्फिगरने जे पर्याय निवडले त्यांना लागणारे तेवढेच उतरवते. बाहेरच्या लॅपटॉपवर जावा या प्रोग्रामिंग भाषेचा विकाससंच नव्हता, म्हणून तिथल्या तंत्रज्ञाने ‘जावाविना’ हा पर्याय देऊन कॉन्फिगर पार पाडले होते. त्या पर्यायात जावावर चालणारा एचएसक्यूएलडीबी लागत नाही, म्हणून तो उतरलाच नाही. आत मात्र डेबियनच्या बांधणी-सामग्रीसोबत जावा आपोआप बसली होती, कॉन्फिगर विनातक्रार पुढे गेले, तो पर्याय देण्याची गरज कोणाला वाटली नाही आणि जावाचे सारे भाग बांधणीत आले. दोन्ही संगणकांवर सोर्स तोच आणि यादीही तीच होती, तरी दोघांनी मागितलेले सामान वेगळे निघाले. दोष टारबॉलच्या यादीत नव्हता. एकाच कामाच्या दोन टोकांना दोन वेगळे निर्णय घेतले गेले होते आणि ते कुठेही लिहून ठेवलेले नव्हते.

अशा वेळी राहिलेली एक फाईल लिहून घ्यायची, ती आणायची, पुन्हा बांधायला लावायचे आणि पुढची फाईल राहिलेली सापडली की पुन्हा तेच करायचे, असा क्रम सुरू होण्याचा धोका असतो. प्रत्येक फेरीला नवी डिस्क आत जाणार आणि तिथेच राहणार, म्हणून हा खर्चाचाही प्रश्न होता. त्याऐवजी मेकला ‘अडले तरी बाकीचे करत राहा’ असे सांगणारा पर्याय देऊन बांधणी पुन्हा चालवली गेली, म्हणजे एका अडथळ्यापाशी न थांबता तो जमेल तेवढे बांधतो आणि न सापडलेल्या फाईलींची नावे एकामागोमाग येतात. ती नावे कागदावर उतरवून बाहेर दिली गेली. लिबरऑफिसच्या काही जुन्या टारबॉलच्या नावांच्या सुरुवातीला बत्तीस अक्षरांचा एमडी५ हॅश चिकटवलेला आहे, हॅश नावातच ठेवण्याच्या पूर्वीच्या पद्धतीची ती खूण. एचएसक्यूएलडीबीचा टारबॉल त्यांपैकीच एक. ही नावे हाताने उतरवणे जिकिरीचे असते, पण पूर्ण नावाची गरजही नसते. शेवटचा वाचता येणारा भाग पुरतो, कारण बाहेरच्या यादीत पूर्ण नाव असतेच. मात्र आत नेताना नाव ‘सुटसुटीत’ करण्याचा मोह टाळावा लागतो, कारण मेक त्या अख्ख्या नावानेच फाईल शोधतो.

कागदावरची नावे बाहेर आल्यावर फक्त तेवढेच टारबॉल आणण्याचा विचार सोडून दिला गेला. लिबरऑफिसच्या कॉन्फिगरमध्ये सर्व टारबॉल सरसकट उतरवण्याचा एक पर्याय आहे. त्यात विंडोज किंवा मॅकसाठीच लागणारे काहीबाही येते, जागा थोडी जास्त जाते, पण आत कोणताही पर्याय बदलला तरी काही कमी पडत नाही. याचा लाभ लगेच दिसला. संस्थेला तयार लिबरऑफिस डेबियन पॅकेजच्या रूपात हवे होते आणि तसे पॅकेज करायला ईपीएम नावाचे वेगळे साधन लागते, त्याचाही टारबॉल त्या सरसकट संचात आधीच आलेला होता. त्याबरोबरच कॉन्फिगरचे सर्व पर्याय एका फाईलीत लिहून तीच फाईल दोन्हीकडे वापरायची, हा नियम घालून दिला गेला. लिबरऑफिसची ऑटोजेन ही स्क्रिप्ट अशी पर्यायांची फाईल आपणहून वाचते, त्यामुळे आज्ञेच्या ओळीत काही टंकण्याची आणि म्हणून काही विसरण्याची जागाच उरत नाही.

पडताळणीची एक फट

उतरवण्याचा टप्पा बंद केला की हॅशचा पडताळाही त्याच्याबरोबर बंद होतो, कारण तो पडताळा त्याच टप्प्यात असतो. बाहेरच्या लॅपटॉपवर टारबॉल उतरले तेव्हा ते तपासले गेले होते. पण त्यानंतर ते एका डिस्कवर गेले, डिस्क तपासणीसाठी आणखी एका संगणकाला जोडली गेली आणि मग आत आली. या प्रवासात एखादी फाईल बिघडली किंवा बदलली असती, तर आतली बांधणी ती मुकाट्याने उघडून वापरत राहिली असती.

ही फट बुजवायला वेगळे साधन लागले नाही. ‘डाउनलोड डॉट एलएसटी’मधील नावे आणि हॅश वेगळे काढून शा-२५६ तपासणाऱ्या नेहमीच्या आज्ञेला समजेल अशी यादी आतच तयार केली गेली आणि प्रत्येक टारबॉल तिच्याशी ताडून पाहिला गेला. येथे क्रम महत्त्वाचा आहे. ती यादी लिबरऑफिसच्या मुख्य टारबॉलमधून घेतली, आणि तो टारबॉल उघडण्याआधी त्याची स्वाक्षरी तपासली. स्वाक्षरी खरी, म्हणून यादी खरी. यादी खरी, म्हणून तिच्याशी जुळणारे टारबॉल खरे. या साऱ्याला एकच खुंटी आहे आणि ती म्हणजे स्वाक्षरी तपासण्याची सार्वजनिक चावी. ती टारबॉलच्याच डिस्कवरून घेणे म्हणजे साक्षीदाराला स्वतःचाच जामीन राहायला सांगण्यासारखे झाले असते, म्हणून चावीचा ठसा वेगळ्या मार्गाने मिळवून कागदावर लिहून आत नेला आणि आतल्या चावीशी अक्षर-अक्षर जुळवला. सारा कारभार फाईलींचा असताना विश्वासाचा आरंभ मात्र हातच्या कागदावर झाला, हे मला विशेष वाटले.

बाहेरची रंगीत तालीम

दुसऱ्या खेपेचे सामान आत नेण्याआधी बाहेरच पूर्ण बांधणी करून पाहण्याचे ठरले. हे काम नुसते केबल काढून करता येते, पण ते पुरेसे नसते. लॅपटॉप रोजच्या वापरातला असेल तर त्याच्यावर आधीच बसलेली पॅकेजेस, घरच्या फोल्डरमधील साठवणी, जुन्या बांधणीचे अवशेष यांमुळे सामानातली उणीव झाकली जाते. म्हणून डीबूटस्ट्रॅप या साधनाने आत नेण्याच्या त्याच डिस्कवरून एक कोरी डेबियन १२ वेगळ्या फोल्डरमध्ये उभी केली गेली, म्हणजे बाहेरच्या जगातले काहीही तिच्यात झिरपणार नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) एखाद्या प्रक्रियेला स्वतंत्र, रिकामे नेटवर्क देण्याची सोय आहे. ‘अनशेअर’ या आज्ञेने ती वापरून त्या कोऱ्या प्रणालीत बांधणी चालवली गेली. त्या बांधणीला इंटरनेट नव्हते, आणि संगणकाला मात्र होते, त्यामुळे काही अडले तर शोध घेणे तिथल्या तिथे शक्य होते.

ही तालीम पहिल्याच खेपेला झाली असती तर आत काहीच अडले नसते, हे उघड आहे. पण माझे मत थोडे पुढे जाते. बंद संगणकावरच्या बांधणीतले जवळजवळ सर्व काम जोडलेल्या संगणकावर व्हायला हवे. बंद संगणकाने फक्त निकाल द्यावा. जे कोणी डिस्क आत नेऊन ‘बघू काय कमी पडते ते’ म्हणतात, ते सर्वांत महागड्या जागी बसून सर्वांत स्वस्त प्रश्न विचारत असतात.

दुसऱ्या खेपेची बांधणी आत विनासायास पार पडली. तिला वेळ भरपूर लागतो आणि मोकळी जागा दहा गीगाबाइटच्या काही पट हाताशी ठेवावी लागते, यापलीकडे त्यात सांगण्यासारखे काही नाही. मराठीच्या एक्सएमएल फाईलीतला बदल मात्र मुद्दाम नंतर केला गेला : आधी मूळ सोर्स जसाच्या तसा बांधून तो चालतो हे पाहिले, मग फाईल बदलून फक्त तो विभाग पुन्हा बांधला. दोन्ही एकदम केले असते तर बिघाड सोर्समुळे, सामानामुळे की आपल्या बदलामुळे, हे सांगता आले नसते.

तपासणीसाठी एक छोटा मराठी मजकूर वापरला गेला. तारखेचा साचा त्यात पाहायचा होताच. शिवाय ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द त्यात घातले होते, कारण ऱ्या मधला अर्धा र नीट उमटतो की नाही, यावरून हार्फबझ आणि फाँट यांची जोडी बरोबर बसली आहे का ते लगेच कळते. लिबरऑफिस ५.३ पासून सर्व प्रणालींवर अक्षरजुळणी हार्फबझच करतो, आणि येथे तो प्रणालीतला नसून टारबॉलमधून बांधलेला होता. अक्षरे बरोबर आली. फाँट मात्र डेबियनच्या साठ्यातून वेगळे बसवावे लागले होते. देवनागरी फाँट बांधणीच्या सामग्रीत मोडत नाहीत, म्हणून ते कोणत्याच बांधणी-यादीत नसतात, आणि नेमके तेच विसरले जातात.

दुसरा प्रकल्प असता तर

हे प्रकरण तुलनेने सुखरूप पार पडले याचे श्रेय लिबरऑफिसच्या एका फाईलीत असलेल्या पूर्ण यादीला आहे. सर्व प्रकल्पांत अशी यादी नसते. रस्ट भाषेत लिहिलेला प्रकल्प असता तर तिच्या कार्गो या बांधणी-साधनाची ‘व्हेंडर’ आज्ञा सर्व अवलंबने (लागणाऱ्या बाहेरच्या लायब्रऱ्या) एका फोल्डरमध्ये गोळा करते आणि लॉक फाईलीत त्यांचे हॅश असतात, म्हणजे काम याच्याइतकेच सरळ झाले असते. पायथनमध्ये एक गोष्ट अनेकांना चकवते. हातातल्या सोर्सपासून पॅकेज बसवतानाही पिप हा पायथनची पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम बांधणीसाठी एक वेगळे, रिकामे वातावरण तयार करतो आणि त्यात सेटअपटूल्ससारखी साधने इंटरनेटवरून आणायला जातो. साधने संगणकावर आधीच बसलेली असली तरी तो जातो, जोवर हे वेगळे वातावरण नको असे त्याला सांगितले जात नाही किंवा ती साधने ठेवलेले फोल्डर त्याला दाखवले जात नाही. जावाच्या मेव्हन या बांधणी-साधनात ऑफलाइनची तयारी करणारी आज्ञा आहे, पण काही प्लगिन आपापल्या गरजा प्रत्यक्ष चालतानाच ठरवतात, त्यामुळे त्या आज्ञेनंतरही काही उरते. अशा प्रकल्पांत नेटवर्क तोडून केलेली तालीम हाच एकमेव भरवशाचा शोध असतो.

पुढच्या दुरुस्त्या

बांधणी एकदाची झाली तरी प्रकरण मिटले नाही, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या येतच राहतात. येथे आधीच्या एका निवडीची किंमत पुढे आली. बाहेरच्या लायब्रऱ्या डेबियनच्या न वापरता टारबॉलमधून बांधल्या, म्हणजे आयसीयू किंवा लिबएक्सएमएलमधील एखादा दोष डेबियनने दुरुस्त केला तरी तो या लिबरऑफिसपर्यंत पोहोचणार नाही. उलट डेबियनच्याच लायब्रऱ्या वापरल्या असत्या तर दुरुस्त्या डेबियनच्या प्रतीसोबत आल्या असत्या, पण २४.२ ला हव्या असलेल्या आवृत्त्या डेबियन १२ मध्ये प्रत्येक वेळी मिळतीलच असे नव्हते. खोली बंद असल्यामुळे बाहेरून थेट हल्ल्याचा धोका कमी असतो. तरी बाहेरून आलेली एखादी फाईल आत उघडली जातेच, आणि ऑफिस प्रोग्रामांतील दोष बहुधा अशाच फाईलींतून गाठतात. संस्थेने दुसरा मार्ग न घेता पहिलाच कायम ठेवला, मात्र त्याबरोबर मालिकेतील प्रत्येक नवी दुरुस्ती-आवृत्ती आत नेण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवली.

त्या कामाची रीतही यादीनेच सोपी केली. नव्या आवृत्तीतील ‘डाउनलोड डॉट एलएसटी’ जुन्या प्रतीशी ‘डिफ’ या आज्ञेने ताडली की कोणते टारबॉल बदलले तेवढेच समोर येते. एकाच मालिकेत ते थोडेच असतात, आणि न बदललेले आतच पडून असतात. त्यामुळे दरखेपेला आत जातात ते सोर्सचे चार टारबॉल, बदललेले टारबॉल, डेबियनच्या साठ्यातील नवी पॅकेजे आणि स्वाक्षरीच्या फाईली. मराठीच्या एक्सएमएल फाईलीतला बदल एका पॅचच्या रूपात खोलीतच ठेवलेला आहे. मूळ फाईल पुढे बदलली आणि पॅच लागला नाही तर तो आतच हाताने बसवावा लागेल, कारण त्या ओळी बाहेर न्यायच्या तर पुन्हा कागदावर उतरवूनच.